सोलोमियाचा भोपळा

दुबईत, देऱ्यातल्या दुकानात गोरं गिऱ्हाईक शिरलं, की तय्यब लगेच रशियन सुरू करायचा. साल सत्त्याण्णव. रशियन बोलणारे व्यापारी विमानं भरभरून यायचे आणि टीव्ही-फ्रीज उचलून न्यायचे. तेव्हा टेबलफॅन घ्यायला आलेल्या त्या मुलीलाही त्यानं आपलं ठेवणीतलं रशियन ऐकवलं.

तिनं फॅन खाली ठेवला. "ही माझी भाषा नाही," ती हिंदीत म्हणाली.

"सॉरी मॅडम... मग कुठली?"

"युक्रेनियन. आणि आभार मानताना स्पासिबा नाही म्हणायचं. द्याकुयू."

"द्याकुयू," तय्यब म्हणाला आणि एवढासा फॅन उचलून थेट टॅक्सीपर्यंत पोहोचवायला गेला. रागावलेली माणसं इतकी सुंदर दिसतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचं नाव सोलोमिया. अल कुसैसच्या एका दवाखान्यात ती नर्स होती आणि हिंदी तिथल्याच पेशंटांकडून शिकली होती. "मला तुमची भाषा शिकवा ना, गिऱ्हाइकांसाठी," असं धडधडीत खोटं बोलून तय्यबनं दर शुक्रवार पदरात पाडून घेतला. खाडीकाठी, अब्रा म्हणतात त्या होड्यांच्या धक्क्याजवळ शिकवणी चालायची.

"एवढी जुनी भाषा, आणि आम्हाला पत्ताच नाही?"

"पत्ता लागू नये म्हणूनच तर बंदी होती. झारनं फर्मान काढलं, या भाषेत पुस्तकं छापायची नाहीत, नाटक करायचं नाही. मग लोकांनी ती स्वयंपाकघरात जपली. सोव्हिएत राज्यात आधी या भाषेच्या शाळा निघाल्या, मग लिहिणाऱ्यांनाच पकडून नेलं. शहरात बोललं की लोक हसायचे... खेडवळ म्हणून. माझे बाबा नोकरीसाठी घरातही रशियन बोलायला लागले. आत्या तेवढी बदलली नाही. तिच्याकडून मी शिकले. आता देश स्वतंत्र झालाय, शाळाही परत येताहेत." ती थांबली. "तुझी आई तुला कुठल्या भाषेत ओरडते?"

"कोकणीत..." तय्यब ओशाळला. रत्नागिरीची ती बोली तो दुकानात चुकूनही काढत नसे. तिथं त्याचं उर्दू अगदी इस्त्रीचं असायचं.

"मग तीच तुझी. लाजतोस कशाला?"

चार महिन्यांनी, एका शुक्रवारी, त्यानं धीर करून म्हटलं, "या तेबे कोखायू." माझं तुझ्यावर प्रेम आहे. लग्नाचंही विचारून टाकलं. सोलोमिया लाल झाली आणि निघून गेली. पुढच्या शुक्रवारी ती आली, त्याच्या हातात एक मोठा लाल भोपळा ठेवला आणि खाली मान घालून परत गेली.

तय्यबचे पाय जमिनीवर ठरेनात. भेट! घरी त्याच्या अम्मीनं, मरियमबीनं, भोपळा ठोकून पाहिला. "पोरीला पारख आहे हो!" म्हणत तिनं घारगे तळले.

शुक्रवारी डबा पुढे करत तय्यब म्हणाला, "तुझा भोपळा."

सोलोमिया बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"अरे वेड्या, आमच्याकडे मागणी घालणाऱ्याला नकार द्यायचा असला, की मुलगी त्याला भोपळा देते!"

तय्यबचा चेहरा पार उतरला. "आणि आम्ही तो... खाल्ला?"

"सगळा?"

"बियासुद्धा गच्चीत वाळताहेत." त्याचा आवाज खोल गेला. "पण नकार का?"

"कारण उद्या घरात तू-मी हिंदी बोलणार, मुलं इंग्लिशमध्ये उत्तरं देणार. आणि बाबांसारखी मीही एक दिवस गप्प होईन. इतकं जपून आणलेलं... माझ्याच घरात संपेल."

तय्यबनं डबा दोघांच्या मध्ये ठेवला.

"मुलांना तू तुझ्या भाषेत निजव," तो म्हणाला. "अम्मी आमच्या भाषेत ओरडेल. मी दोन्हीकडून बोलणी खाईन. आणि खरं सांगू? मी गिऱ्हाइकांसाठी शिकत नव्हतो. तुझ्या भाषेतला एक शब्दही कधी विकला नाही मी."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग... आता भोपळ्याचं काय?"

सोलोमियानं डब्यातला एक घारगा उचलला. आपला नकार तिनं सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ला आणि बोटं पुसली.

"अम्मीला काय सांगू?" तय्यबनं भीत भीत विचारलं.

"द्याकुयू सांग," ती म्हणाली. "आणि त्या बिया टाकू नकोस म्हणावं."