उभ्या धानातली सरळ वाट

२००९ ची दिवाळी आठवड्यावर आली होती. सौंदडचे खेमराज मास्तर बायकोच्या पेटीत रेशनकार्ड शोधायला गेले आणि हाती लागलं गजेंद्रचं जुनं पत्र. तेही तिच्या लग्नातल्या शालूखाली! पत्र नवराबायको दोघांच्या नावे होतं, वावगं एक अक्षर नव्हतं. पण वाचून वाचून घड्या फाटल्या होत्या. 

गजेंद्र त्यांचा वर्गमित्र. मास्तरांच्या बायकोला, अंजूला, आधी स्थळ त्याचंच आलं होतं. तो बंगलोरला शास्त्रज्ञ होऊन सूर्याच्या वाऱ्याची हद्द मोजत बसला आणि दोन वर्षांपूर्वी तिकडेच अपघातात गेला. मेलेल्याचा हेवा करू नये म्हणतात. पण जिवंत माणसाशी भांडता तरी येतं हो!

पत्रात लिहिलं होतं: सूर्याकडून निघालेला भारित कण चुंबकीय रेषांना बांधलेला, गरगरतच जातो. हद्दीवर त्याला बाहेरचा एखादा शांत अणू भेटतो. कण त्याचा इलेक्ट्रॉन हिसकावतो अन् मोकळा होतो. मग तो सरळ घराकडेही येतो, त्याला कोणी वळवू शकत नाही. ज्याचा इलेक्ट्रॉन गेला, तो मात्र तिथंच अडकून गरगरत राहतो.

मास्तरांनी पत्र चुलीत घातलं. अंजूनं पाहिलं, पण ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "जाळून का होते? तो येऊनच राहिला..."

दिवेलागणीला मास्तर मागच्या दारी आले. धान पिवळं झालं होतं, वारा अजिबात नव्हता. बोडीच्या, शेतालगतच्या लहान तळ्याच्या, पाण्याकडून उभ्या धानात एक सरळ रेघ पडली होती. आपल्याकडं शेंबडं पोरगंही उभ्या धानात पाय घालत नाही, बांधाबांधानं वळसे घेत येतं. आणि ही रेघ घराकडे सरकत होती.

मास्तर तरातरा गेले आणि शेताच्या हद्दीच्या बांधावर आडवे उभे राहिले.

"गज्या... वापस जा. ते घर माह्यं आहे."

जळक्या कागदाचा वास आला. छातीतून कोणी काहीतरी अलगद काढून नेलं. दुखलंसुद्धा नाही.

मास्तर घराकडे वळले, बांधाबांधानं चालले, तर बोडीपाशीच आले. पुन्हा वळले, पुन्हा बोडीच. खाली उतरून सरळ जावं, तर पाय धानात पडेचना.

घर शंभर पावलांवर होतं. खिडकीत अंजू दोन ताटं वाढताना दिसली. "जेवाले या जी," ती म्हणाली. इतक्या मायेनं तिनं मास्तरांना कधी हाक मारली नव्हती.

"आलो," आतून उत्तर आलं. आवाज खेमराज मास्तरांचाच होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर शाळेत पोचले. फक्त तेव्हापासून ते बांधानं जात नाहीत, सरळ उभ्या धानातून जातात.