तिसरा पंखा

थोरला आला तो शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास. हातात हत्यारांचा डबा, आणि तोंडावर नेहमीचाच भाव, की तुमच्याकडून हेही होत नाही ना. धाकट्याने आदल्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "दादा, कॉम्प्युटरचा पंखा रोज चारला सुसाट सुटतो. सव्वासहा-साडेसहापर्यंत थांबत नाही. उद्या मेकॅनिकला बोलावतोय."

मेकॅनिकचं नाव निघताच थोरला म्हणाला होता, "कुणाला हात लावू देऊ नकोस. मी येतो."

आईच्या दोन वर्षांच्या आजारपणात बोटांवर मोजण्याइतक्या वेळा आलेला माणूस एका पंख्यासाठी दुसऱ्या दिवशी हजर झाला.

टेबलाखालचा कॅबिनेट त्याने पायानेच पुढे ओढला. पत्र्याचं झाकण काढलं आणि नाक मुरडलं.

"किती ही धूळ. यात शेती करतोस का?"

"पुसतो मी."

"कशाने, नजरेने?"

धाकटा घरी बसून कोर्टातल्या ध्वनिफिती ऐकायचा आणि त्या टाइप करून द्यायचा. दिवसभर कानांवर हेडफोन. थोरल्याच्या मते हे काम नव्हतंच, काम नसलेल्या माणसाने शोधलेली पळवाट होती. तो स्वतः एका कंपनीच्या हजारभर मशीन गार ठेवत असे. हॉलचं तापमान अर्ध्या अंशाने सरकलं तर हाताखालच्या माणसांना तो घाम फोडायचा. अशा माणसाने या डबड्यापुढे गुडघे टेकायचे म्हणजे उपकारच होते.

डबड्यात तीन पंखे होते. दोन सगळ्यांच्या मशीनमध्ये असतात तसे. तिसरा धाकट्याने खाली, आपल्या पायांकडे तोंड करून बसवला होता. त्याचा वेग मशीनच्या उष्णतेवर ठरत नसे. मदरबोर्डाच्या एका पिनेतून निघालेली बारीक वायर भिंतीच्या कडेने, दाराच्या फटीतून आतल्या खोलीत गेली होती आणि तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा काळा मणी होता. तो उष्णता मोजणारा सेन्सर. आईच्या काखेत तो चिकटवलेला असे. आईची वाचा गेलेली, उजवा हात तेवढा हलायचा. कुणी तो धरून बसलं की ती शांत पडून राही. धाकट्याच्या कानांवर हेडफोन, आईला हाक मारता येत नाही. ताप चढला की पंखा सुटायचा, पायांवर वारा लागायचा आणि तो उठून आत जायचा.

थोरल्याने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "थर्मामीटर नावाची वस्तू निघालीय बाजारात, शहाण्या."

दीड महिन्यापूर्वी दाढ काढायला जाताना धाकट्याने त्याला एका दुपारपुरतं आईजवळ बसवलं. "पंखा वाजला की आत जाऊन बघ. हात धरला तरी पुरे." थोरला त्याच टेबलाशी बसून धाकट्याच्या कॉम्प्युटरवरून आपल्या ऑफिसच्या लोकांशी बोलत होता. चारला पंखा असा घोंघावायला लागला, की पलीकडचे लोक हसले. त्याने दोन मिनिटांची सुट्टी मागितली, मशीन बंद करून सुरू केलं, सेटिंगमध्ये शिरला आणि तिसऱ्या पंख्याचा वेग तीस टक्क्यांवर कायमचा बांधून टाकला. मग पुन्हा बोलायला बसला.

साडेसहाला धाकटा तोंडात कापूस धरून परतला आणि थेट आत गेला. डॉक्टर म्हणाले, जाऊन दहा मिनिटं झाली असतील.

"काही वाजलंच नाही रे," थोरल्याने सगळ्यांना सांगितलं होतं.

आता ते तीस टक्के पुसायचे होते. कुणा उपटसुंभ मेकॅनिकने ते पाहून धाकट्याला विचारलं असतं, हे कुणी केलं हो? एवढ्यासाठीच तो आला होता.

"पाणी आण," त्याने सांगितलं. धाकटा आत वळताच त्याने मशीन बंद करून सुरू केलं आणि सेटिंगचं पान उघडलं. तीस टक्के, जसेच्या तसे. बोटं झरझर चालली. पाण्याचा तांब्या टेबलावर येईपर्यंत वेग पुन्हा सेन्सरवर सोपवलेला होता.

मग कुठे त्याच्या लक्षात आलं. वेग तिसावर बांधलेला होता, तर पंखा रोज सुटत कसा होता?

"सेटिंग बिघडलेलं होतं," तो म्हणाला. "तुझ्यासारख्यांनी कशाला हात घालावा यात. झालं, मिटलं."

"चार वाजू देत," धाकटा म्हणाला.

चार वाजले. पडद्यावर तेच पान उघडं होतं. बाहेरच्या सेन्सरपुढचा आकडा सव्वीसवर होता. तो सत्तावीस झाला. मग तीस, चौतीस. तिसरा पंखा कण्हल्यासारखा सुरू झाला आणि वाढत गेला. अडतीस पूर्णांक सहा.

थोरल्याने वायर पिनेतून उपटली. सेन्सर काढला की मशीन उणे पंचावन्न असला काहीतरी खुळा आकडा दाखवतं, हे त्याला पाठ होतं.

अडतीस पूर्णांक नऊ.

त्याने पंख्याचीही पिन काढली. पाती फिरतच राहिली.

"ते करून पाहिलंय मी," धाकटा मागून हळूच म्हणाला.

"गप्प बस. बोर्ड गेलाय तुझा." त्याची नजर वायरीवरून दाराच्या फटीकडे गेली. "मणी... मणी कुठाय?"

"आत. जागेवरच."

आतल्या खोलीत औषधांचा शिळा वास होता. गादी काढलेली लोखंडी खाट, आणि तिच्या उघड्या फळीवर तो मणी. थोरला खाटेच्या कडेला टेकला. सेन्सर तपासायचा तर मुठीत धरायचा, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याने धरला. चटका बसावा इतका तो तापलेला होता.

"आकडा वाच," तो ओरडला.

"एकोणचाळीस," बाहेरून धाकट्याचा आवाज आला. "अडतीस सात... अडतीस... सदतीस चार."

पंख्याची घरघर उतरत गेली.

"सदतीस. थांबला."

थोरल्याने मूठ उघडली.

"सदतीस आठ... अडतीस पाच..."

त्याने घाईघाईने मूठ मिटली. पंखा पुन्हा निवला. त्या शांततेत धाकट्याची पावलं दारापर्यंत आली.

"सेटिंग पुसलंस ते पाहिलं मी," धाकटा म्हणाला. "कशाला एवढी धावपळ केलीस? ते तीस टक्के मला त्याच रात्री दिसले होते."

थोरल्याने मूठ आणखी घट्ट आवळली.

"काम पुन्हा सुरू केलं त्या दिवसापासून धरून पाहतोय. माझ्या हातात उतरत नाही."

"मेकॅनिक..."

"कसला मेकॅनिक, दादा. नुसतं ये म्हटलं असतं तर आला असतास तू?" त्याच्या स्वरात राग नव्हता. हाताखालच्या माणसांशी थोरला ज्या स्वरात बोलायचा, तो होता. "सहा वीसपर्यंत बस. उद्या चारच्या आत ये. मला काम आहे."

तो गेला. खुर्ची सरकली, हेडफोन कानांवर चढल्याचा बारीक आवाज झाला आणि टाइपिंग सुरू झालं. आता इथून हाक मारली तरी त्याला ऐकू जाणार नव्हतं.

थोरल्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पाचसुद्धा वाजले नव्हते. तळहाताला घाम आला होता. मूठ बदलावी म्हणून त्याने बोटं जराशी सैल केली.

वायर हलकेच ताणली गेली. दाराकडे नव्हे. खाटेच्या आतल्या अंगाला, भिंतीच्या बाजूला, जिथे आई पडून असायची.