कुशाबाईचा दगड

महाळुंग्याच्या सोनबाला मृत्युपत्र म्हणून एकच गोष्ट ठाऊक होती : ओढ्याकाठच्या शेतातले दगड. "कागदाला वाळवी लागती. दगडाला काय लागतंय?" असं म्हणून तो तंबाखूची पिचकारी अशी मारायचा, की समोर वकील असता तर त्याचा कोटच रंगला असता.

त्याची पद्धत सोपी होती. घरात काही बदललं की पहार खांद्यावर टाकून शेतात जायचं आणि वाटे नव्यानं मांडायचे. दोन मुलगे म्हणून दोन उभे दगड, चुना फासलेले. धाकट्या दादूला मुलगा झाला, तसा त्याचा दगड चार पावलं सरकला. थोरल्या सयाजीला लेकरू नव्हतं. त्याचा दगड मागं आला. बाईला नवरा असेतोवर दगड नाही. नवरा गेला की तिचा दगड लागायचा, तोही आडवा, विहिरीपाशी. पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. सोनबाच्या विधवा चुलतीला असाच दगड होता. ती गेली, तसा त्यानं तो उपटून ओढ्यात लोटून दिला. गाव हसायचं, पण या घरात बांधावरून कधी शब्द वाढला नाही.

सयाजी भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. माल आला-गेला की तिथल्या तिथं कार्डावर चढवायचं, ही त्याची शिस्त. बापाच्या पद्धतीचं त्याला मनातून कौतुक होतं. अर्थात आपला दगड आणखी मागं येत नाही तोवर.

त्र्याहत्तर साली सोनबाला लकवा झाला. त्याच उन्हाळ्यात लेक कुशाबाई विधवा होऊन, एक ट्रंक नि एक कळशी घेऊन माहेरी परतली. सोनबा खाटेवरून तिच्याकडे बघायचा आणि वाकड्या तोंडानं सयाजीला म्हणायचा, "कुशीचा दगड राह्यलाय रं."

"लावू की आबा, रविवारी."

रविवार यायचा, पण त्या दिवशी ओव्हरटाइम असायचा. नसला तर सयाजी मागून घ्यायचा. पौषात म्हातारा गेला.

तेरावा उरकला तसा सयाजीनं खेडहून मोजणीदार बोलावला. जसे दगड तसे वाटे, एकदाचं सरकारी कागदावर येऊ दे. कुशाबाई भाकरी थापताना मान वर न करता म्हणाली, "दादा, आबा बोललं हुतं."

"बोलले. लावला नाही ना?"

"आन् मी खाऊ काय?"

"मी काय मेलोय काय?" सयाजी म्हणाला. तिनं भाकरी तव्यावर टाकली. भाऊ पोसतो म्हणजे भावजयीच्या हाताकडे बघत जगायचं, हे दोघांनाही माहीत होतं.

मोजणीच्या आदल्या सकाळी सयाजी शेतात गेला. ज्वारी निघाली होती, धसकटांवर दव होतं. विहिरीपाशी एक दगड आडवा पडला होता. चुना फासलेला. तिचा वाटा पुरता सयाजीच्या वाट्यातून काढला होता. दादूच्या बाजूला धक्का नव्हता.

त्यानं दादूला ओढतच आणलं. "ही तुझी करणी!"

"मी? दादा, रातभर कंपनीत हुतो मी. शिफ्ट इचारा जाऊन. आन् ह्यो धोंडा एकट्याला उचलतोय व्हय?"

दोघांनी मिळून पहारीनं तो उलथला. खाली गवत पांढरं पडलेलं, त्यात मुंग्यांचं वारूळ, अंड्यांसकट. जणू दगड वर्षभर तिथंच होता. सयाजी म्हणाला, "ढकल." दगड ओढ्यात गेला.

दुसऱ्या सकाळी मोजणीदार साखळी घेऊन आला, तेव्हा दगड जागेवर होता. आणि सयाजीचा उभा दगड आणखी चार पावलं आत आला होता.

मोजणीदारानं बूट टेकवून तो हलवून पाहिला. हलला नाही. "जुनी खूण दिसतेय. बाईंचा वाटा का?"

दादू सयाजीकडे बघत होता. कुशाबाई विहिरीच्या काठावर पदर तोंडाशी धरून उभी. सयाजीनं स्टोअरवाल्याच्या डोक्यानं विचार केला. काल टाळलं त्याची चार पावलं गेली. आज टाळलं तर उद्या किती जातील? तोटा कळला की तिथंच थांबवावा.

"होय," तो म्हणाला. "बहिणीचा वाटा आहे. लिहा."

मोजणीदारानं लिहिलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. संध्याकाळी कुशाबाईनं पुरणपोळी केली आणि पहिली सयाजीच्या ताटात वाढली. तो पोटभर जेवला. बापाचं राहिलेलं काम झालं, खातं बंद. पुढचे काही आठवडे त्याला झोपही चांगली लागली.

चैत्रात एकदा पहिली शिफ्ट करून तो बसमधून उतरला, तर बायको सारजाबाई फाट्यावर भेटली. दोघं बांधावरून घराकडे निघाली. ऊन कलतं होतं. सयाजी बोलता बोलता थांबला.

त्याच्या वाट्यात उभा दगड नव्हता.

तो चार पावलं पुढं गेला. खड्डाही नव्हता. तिथं हरळी होती, सलग.

दादूचा दगड जागेवर होता. कुशाबाईचा जागेवर होता.

तिच्या दगडाशेजारी, विहिरीच्या अंगाला, आणखी एक दगड आडवा होता.

सयाजीनं हात लावला. चुना ओला होता. त्यानं बोटं विजारीला पुसली, पुन्हा पुसली.

"अगंबाई," मागून सारजाबाई म्हणाली. "मामंजींच्या रीतीनं कुणी लावला ह्यो? आपला वाटा हिकडं आला की काय?"

सयाजीची नजर दगडावरून तिच्या कुंकवावर गेली.

"बरंच झालं," ती म्हणाली. "पाणी जवळ पडंल."

आणि खाली बसून ती दगडाच्या कडेचं गवत उपटू लागली.