तिच्या शेजारची जागा

दुपारी दोनच्या बसला आम्ही नवरा-बायको सीमेजवळच्या थांब्यावर उभे असायचो. बस कॅसिनोची, गिऱ्हाइकं आणायला ठेवलेली, पण चढणाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू खेळणार आहेस का. मकावमधले निम्मे म्हातारे अशाच बसांमधून फिरतात. उन्हाळ्यात घरी पंख्याखाली घामाघूम बसण्यापेक्षा कॅसिनोची थंड हवा बरी. छतावर रंगवलेलं आकाश बघायचं, काचेच्या दालनातली फुलं बघायची, मग तळ्यावरच्या कारंज्यापाशी थांबायचं. परतताना जुन्या गल्लीत दुकानदार बदामाचं बिस्कीट चाखायला पुढे करतात, ते नको म्हणायचं नाही. फुकट ते पौष्टिक. जन्म कॅसिनोत काढलेल्या माणसाला एवढं कळतं की तिथलं जे फुकट आहे तेवढंच सुखानं घरी नेता येतं.

माझं नाव लेओंग वा-कुओंग. सव्वीस वर्षं मी कॅमेऱ्यांच्या खोलीत पडद्यांसमोर बसलो. अंदाजानं बोलणं मला जमत नाही. पडद्यावर दिसलं ते नोंदवायचं, मनाला वाटलं ते नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पुढचंही मी तसंच सांगतोय.

माझी बायको सुत-लान खाली टेबलावर पत्ते वाटायची. कॅमेऱ्याच्या खोलीतल्या माणसानं खालच्या माणसांत मिसळायचं नाही, हा आमच्या धंद्यातला कडक नियम. दोघांनी मिळून काही भानगड करू नये म्हणून. आमच्या लग्नाला वरच्या साहेबांनी परवानगी दिली ती एका अटीवर: कामाच्या आवारात एकमेकांना ओळख दाखवायची नाही. ती बसमध्ये पुढच्या सीटवर बसायची, मी शेवटच्या. जेवणघरात ती एका टोकाला, मी दुसऱ्या. कामाची पाळी सुरू झाली की मी तिला वरून बघायचो, आणि तिनं वर बघायचं नाही.

दोघंही निवृत्त झालो, नियम संपला, सवय मात्र हाडात राहिली. बसमध्ये ती पुढे, मी मागे. कारंज्यापाशी ती कठड्याला टेकून, मी दहा पावलांवर खांबाला पाठ लावून. शेजारणी हसायच्या, "आज पुन्हा भांडण का?" म्हणून. भांडण कसलं. मला ती तिथूनच नीट दिसायची.

गेल्या वर्षीपासून सुत-लान विसरायला लागली. आधी सुपात मीठ घातलं की नाही ते, मग आपला मजला, मग मुलीचं नाव. मुलगी वाय-सान सीमेपलीकडे, मुख्य चीनमधल्या झुहाईला असते. तिनं तिकडे एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता, स्वच्छ, बागबिग असलेला. मी नाही म्हणालो. महिनाभर फोनवर आमची खडाजंगी चालली. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आई तुम्हाला ओळखते तोवर मी तुमचं ऐकते. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी मी येऊन तिला घेऊन जाणार. मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

मी कबूल झालो. त्यानंतर रोज सकाळी सुत-लान डोळे उघडायची तेव्हा मी जीव मुठीत धरून पलंगाशी उभा असायचो. "आ-कुओंग, चहा केलास का रे?" म्हणाली की माझा तो दिवस पार पडायचा.

मे महिन्यात एका दुपारी बस गच्च भरली होती. माणसं दांड्याला लोंबकळत होती, आणि सुत-लानच्या शेजारची सीट रिकामी होती. मी मागून बघत होतो. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई तिथवर गेली, सीटकडे बघून तिनं जरा मान झुकवली, चुकून कुणाच्या खोलीत शिरल्यावर आपण झुकवतो तशी, आणि पुढे जाऊन उभी राहिली. मला वाटलं, सीट ओली असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मोजायला लागलो. नऊ दिवस मोजलं. बस नऊही दिवस भरलेली होती आणि त्या सीटवर एकदाही कुणी बसलं नाही.

कारंज्याजवळच्या थांब्यावर रोविना प्रवाशांची रांग लावायच्या कामावर असते. फिलिपिन्सची, तीन लेकरांची आई, जिभेला हाड नाही. सहा वर्षं आमची थट्टा करतेय. दहाव्या दिवशी मी मागच्या दारानं उतरलो तर ती म्हणाली, "काय काका, शेवटी बसलात ना काकूंच्या शेजारी? आज सूर्य कुठे उगवला?"

मी हसून मान हलवली. गर्दीत बाईचा घोटाळा झाला असेल, असं मी मनाशी धरलं.

मग मी कठड्याकडे नीट बघायला लागलो. कारंजं सुरू झालं की लोक कठड्याला अक्षरशः चिकटतात, पोरं मधून घुसतात, फोन वर धरलेले हात एकमेकांत अडकतात. सुत-लानच्या डाव्या बाजूला मात्र एका माणसाएवढी जागा मोकळी राहायची. पोरं पळत यायची आणि तेवढ्यापुरती वळसा घालून जायची. ती त्या बाजूला मान कलती करून बोलत असायची. म्हातारी माणसं स्वतःशी बोलतात, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. पण स्वतःशी बोलणारा माणूस मधेमधे गप्प राहून ऐकत नाही.

त्या आठवड्यात एके संध्याकाळी जेवताना तिनं वाटी खाली ठेवली. "आ-कुओंग, सहा नंबरच्या टेबलावर मी रडले होते, तेव्हा तू कॅमेरा वळवला होतास ना रे?"

माझा घास हातातच राहिला. तिची आई वारली तो निरोप तिला कामाची पाळी चालू असताना मिळाला होता. टेबल सोडता येईना, आणि ती पत्ते वाटता वाटता रडत होती. रडणाऱ्या माणसाची नोंद होते आणि त्याला टेबलावरून काढतात. मी तो कॅमेरा झुंबराकडे वळवला आणि चार मिनिटं तसाच ठेवला. सापडलो असतो तर माझी नोकरी गेली असती. ही गोष्ट मी जन्मात कुणाला सांगितली नाही. तिलाही नाही.

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. आज कारंज्यापाशी." ती माझ्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं का नाही बोललास?"

त्या रात्री तिनं वाय-सानचं नाव न अडखळता घेतलं, आणि आनंद व्हायचा तर मला भीती वाटली.

ड्रॅगन नौकांच्या सणाच्या शुभेच्छा द्यायला आ-तिमचा फोन आला. हा माझ्या हाताखाली शिकलेला, आता तळ्याच्या कॅसिनोत कॅमेऱ्यांवर असतो. इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "सर, काल कारंज्यापाशी दिसलात पडद्यावर. वहिनींचा हात धरून उभे होतात. इतक्या वर्षांत तुम्हाला शेजारी शेजारी पहिल्यांदा बघितलं. आम्ही सगळे काम सोडून बघत राहिलो."

मी विचारलं, "खांबाशी कोण होतं?"

"कुठल्या खांबाशी?"

"समोरच्या. डावीकडून दुसऱ्या."

"तिथं कुणी नव्हतं, सर."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी मागे गेलो नाही. सरळ तिच्या सीटपाशी गेलो आणि बसायला वाकलो. सुत-लाननं सीटवर हात आडवा धरला.

"माफ करा हं," ती म्हणाली. "इथे माझा नवरा बसलाय. तुम्हाला मागे जागा मिळेल."

आवाज अदबीचा होता, टेबलावर नवख्या गिऱ्हाइकाशी बोलायची तसा. सीटवर काही नव्हतं. तिच्या हाताच्या पलीकडे मी तळवा टेकवला. गादी खोल दबलेली होती आणि गरम होती.

मी मागे जाऊन बसलो. मला राग आला, आणि तो तिच्या आजारावर नव्हता. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली आणि ती जागा रिकामी ठेवली मीच. बघत राहणं म्हणजेच सांभाळणं, असं मी धरून चाललो होतो.

घरी आल्यावर ती पुन्हा "आ-कुओंग" म्हणाली, पण तेव्हा तिची नजर माझ्या खांद्याच्या जराशी बाजूला होती. रात्री वाय-साननं फोनवर विचारलं, आई ओळखते ना. ओळखते, मी म्हणालो. खोटं बोललो की खरं, ते माझं मलाच ठरवता येईना.

ठरवलं एवढंच की उद्या कारंजं सुरू व्हायच्या आधी कठड्याशी जायचं, तिच्या डाव्या हाताला उभं राहायचं आणि तिचा हात धरायचा. काय होईल ते होवो. ती नको म्हणाली तरी सोडायचा नाही.

चार वाजता आम्ही तिथं होतो. एक मोठी सहल आली होती, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. मी खांबापासून निघालो. दहा पावलं. टोप्यांमधून वाट काढत सात पावलं गेलो तेव्हा संगीत सुरू झालं.

पाणी उंच चढलं. वारा आमच्या बाजूचा होता. तुषार कठड्यावर आले, लोक ओरडत मागे हटले आणि मी एकटा पुढे ढकलला गेलो. डोळ्यांत पाणी गेलं. हात पुढे केला तो ओल्या लोखंडावर पडला.

पाणी खाली बसलं. कठड्याशी सुत-लान नव्हती.

मी फुलांचं दालन पाहिलं. रंगवलेल्या आकाशाखालचे सगळे बाक पाहिले. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून तिच्या नावानं हाका मारल्या. मग धावत थांब्यावर आलो.

रोविनानं मला नखशिखान्त न्याहाळलं. "लेओंग काकू? त्या तर चार-वीसच्या बसनं गेल्या. काकांनीच हात धरून चढवलं त्यांना. खिडकीची जागा दिली."

"कुठल्या काकांनी?"

"त्यांच्या मिस्टरांनी." थट्टा नव्हती. एक पाऊल मागे सरून, वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला विचारतात तसं तिनं हळू विचारलं, "तुम्हाला कुठे जायचंय, आजोबा?"

पुढच्या बसमध्ये मी उभाच राहिलो. ताइपा बेटाच्या पुलावर खिशात फोन वाजला. वाय-सानचा निरोप होता: 'आत्ता आईशी पोटभर बोलले. तिला सगळं आठवतंय, माझी शाळासुद्धा. बाबा, तुमचं बरोबर होतं. मी तो विषय पुन्हा काढणार नाही.'

पाच मजले चढलो. दाराबाहेरच्या फळीवर तिच्या चपला होत्या. त्यांना लागून माझे तपकिरी बूट होते, डाव्या टाचेला झिजलेले. मी खाली पायांकडे बघितलं. तेच बूट माझ्या पायांत होते.

किल्ली खिशात होती. मी घंटा का वाजवली ते सांगता येत नाही.

लाकडी दार उघडलं. लोखंडी जाळीपलीकडे सुत-लान उभी होती. केस विंचरलेले, गालांवर रंग. तिचा इतका निवांत चेहरा मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"कोण हवंय?"

"तुम्ही बऱ्या आहात ना?" मी विचारलं.

"बरी आहे की." ती हसली. "आज फारच बरी आहे. तुम्ही कुणाकडे आलात?"

घरातून आल्याची फोडणी आणि खारवलेल्या मासळीचा वास येत होता.

"मजला चुकलो," मी म्हणालो.

"होतं हो असं. या जिन्यात सगळेच चुकतात." तिनं मान झुकवली आणि दार हळूच लोटलं, मला लागू नये अशा बेतानं.

मी तिथंच उभा राहिलो. आत ताटं मांडल्याचा आवाज झाला.

"आ-कुओंग," तिनं हाक मारली. "ये ना रे, भात निवतोय."

मी तोंड उघडलं.

"आलो," आतून उत्तर आलं.