शेजारचा श्वास

मुलांचं गायनपथक घेऊन परगावी जाणं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. कुणाला बस लागते, कुणाचा बूट हरवतो, आणि ज्या मोठ्या सभागृहासाठी वर्षभर घसा फोडला त्याच्या दारात पोचल्यावर एकजण म्हणतो, "बाई, माझा गणवेश घरीच राहिला." त्यात एका मुलीने वाटेत आईस्क्रीम खाऊन आवाज बसवून घेतला. ती नेमकी माझ्या भाचीची जोडीदार. तिला बसमध्येच बसवून ठेवलं.

आमच्या शेवटच्या गाण्यात एक लांब सूर आहे. मी मूठ मिटेपर्यंत तो तुटता कामा नये. म्हणून मुलं जोडीने गातात. एकजण श्वास घेतो तेव्हा दुसरा सूर धरून ठेवतो. जोडीदाराचा श्वास पुरा झाल्याशिवाय आपला घ्यायचा नाही, हे मी ओरडून ओरडून त्यांच्या डोक्यात बसवलंय.

दुपारी तालमीला उभे राहिलो, तर भाची रांगेतून म्हणाली, "मावशी, मी श्वास कधी घेऊ?"

"इथे मी बाई आहे."

"बाई, माझी जोडीदार नाहीये."

"मग आहे असं समज आणि गा! प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का?"

चिडून बोलले. बोलले ते बोलले.

तिने शेजारी जागा सोडली. सूर लागला, आणि इतका अखंड लागला की मीच चकित झाले. मूठ मिटली. मुलं गप्प झाली. त्या शांततेत कुणीतरी सावकाश श्वास घेतला. मोठ्या सभागृहात आवाज फिरतात, अशी मी मनाची समजूत घातली.

"ती मधली फट बुजव गं," मी म्हटलं.

"बाई, तिला धक्का लागेल ना..." भाची हळूच म्हणाली.

आता हिची चेष्टा ऐकायची बाकी होती! मी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं.

तासाभरात सभागृह भरलं. शेवटचा सूर आला, मी मूठ मिटली, टाळ्या सुरू झाल्या. भाची थांबली नव्हती. तिचा सूर टाळ्यांखालून चालूच होता, पातळ, ताणलेला. ओठ निळे पडत होते.

"श्वास घे!" मी दातओठ खात पुटपुटले.

तिने डोळ्यांनी शेजारची फट दाखवली. माझ्या पुढ्यातला कागद फडफडला आणि त्या फटीकडे ओढला गेला. बंद कपाटाचा कुबट वास आला. तिथे कुणीतरी श्वास आत घेत होतं... घेतच होतं... आणि माझी शहाणी पोर तिचा पुरा व्हायची वाट बघत होती.

मी धावले, त्या फटीत घुसले आणि माझ्या फाटक्या आवाजात तो सूर धरला. भाचीने हपापल्यासारखा श्वास घेतला आणि माझ्या अंगावर कोसळली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. उभे राहून टाळ्या वाजवल्या मेल्यांनी!

बसमध्ये ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

"बरं केलंस, मावशी. दोघींत फार दम लागत होता."

"कुणा दोघींत?"

"आता तिघींत आहे ना. आधी ती, मग मी, मग तू."

तिला रागवायला मी तोंड उघडलं. श्वास आत येईना. मागच्या रिकाम्या सीटवर कुणीतरी मन भरेपर्यंत श्वास घेत होतं.

भाचीने माझा हात थोपटला. "थांब. अजून तुझा नंबर नाही आला..."

डॉक्टरांना काही सापडत नाही. भाची हसतेखेळते, मला तेवढं पुरे. पण हल्ली ती दुसरी फारच वेळ लावते. काल जेवताना भाची घास हातात धरून थांबली, थांबली, तिचे ओठ पुन्हा निळे व्हायला लागले. माझा संयम सुटला. रिकाम्या खुर्चीकडे बघून मी ओरडले, "आटप की गं!"

"हो, बाई," कानाशी कुणीतरी म्हणालं.

आणि तिने तो श्वास पहिल्यापासून घ्यायला सुरुवात केली.