पिवळ्यांनी उपसलेलं पाणी

"अहो, थांबा! काय चाललंय ते?"

मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ती ओरडली आणि चुन्याच्या रेघा मारायची गाडी तिथेच सोडून धावत निघाली. गोलाच्या खांबांसमोर एक उंच माणूस बुटाच्या टाचेने गवत उकरत होता. सावकाश, अगदी मन लावून.

"खूण करतोय," तो म्हणाला. "चेंडूसाठी पुढे गेलं की मागे वळून न बघता कळावं, गोलाचा मध्य कुठे आहे ते. सगळेच गोलकीपर करतात."

"करत असतील. माझ्या गवताला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावला? टाच लावली."

तिला हसू आलं... आणि तेवढ्यात त्याच्या जाकिटाच्या आतला शर्ट दिसला. पिवळा. हसू ओठांवरच विरलं.

"रेघ बुजवून जा," एवढंच म्हणून ती परत फिरली.

मैदान एकच होतं आणि संघ दोन, हिरवे आणि पिवळे. मैदान राखायचं काम तिच्या बाबांचं. त्यांची कंबर धरायला लागल्यापासून ते तिने अंगावर घेतलं होतं. गवत कापणं, रूळ फिरवणं, रेघा मारणं... पोटापाण्याला मैदान दोघांचं, पण घर हिरव्यांचं. पडदे हिरवे, दार हिरवं. घरातलं मांजर तेवढं हिरवं नव्हतं, तेही बाबांना खटकायचं.

तिचा दादा हिरव्यांकडून खेळायचा. एका सामन्यात पिवळ्यांच्या कप्तानाशी त्याची टक्कर झाली आणि गुडघा कायमचा गेला. आता तो सायकली दुरुस्त करतो, पाय ताठ ठेवून बसतो. त्या दिवसापासून बाबा घरात पिवळ्यांचं नावही काढू देत नसत. लिंबालासुद्धा ते 'ते आंबट' म्हणायचे.

आणि ती? ती त्या रंगाचा रुमालसुद्धा वापरत नव्हती.

पण तो गोलकीपर सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा. त्याचे सोबती त्याला 'खांब' म्हणत. रोज तिच्यासमोर उभा राहून तो शहाण्यासारखं विचारायचा, "मैदानवाली, आज टाच लावू का?"

"लावा. जाताना बुजवायची."

"आणि नाही बुजवली तर?"

"तर तुम्हालाच तिथे पुरेन. खांब आहातच."

तो मान मागे टाकून हसायचा. मग जाताना गुडघ्यावर बसून उकरलेली माती तळहाताने दाबत राहायचा... आणि ती पाण्याचा नळ उगाच दोनदा बंद करत तिकडे बघायची. आपण बघतोय हे त्याला कळलंय, हेही तिला कळायचं.

हंगामाचा शेवटचा सामना हिरवे आणि पिवळे यांच्यातच होता. चषक त्यावर ठरणार होता. त्या आठवड्यात एका सकाळी तो तिच्या गाडीबरोबर चालत राहिला. पांढरी रेघ मागे उमटत होती.

"सामना झाला की... नदीकडे फिरायला याल माझ्याबरोबर?"

तिच्या हातातली गाडी डगमगली. रेघ वाकडी झाली.

"तुम्ही चांगले आहात," ती म्हणाली. "पण तो शर्ट आमच्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही."

"मग शर्ट काढून येतो."

"तसलं काही नको!" ती कानापर्यंत लाल झाली. तोही हसला, पण मग थांबला.

"खरं सांगू? नाही काढणार मी तो. माझं घर लांब राहिलं. इथे मला जेवायला बसवणारी, आजारात उशाशी बसणारी हीच माणसं आहेत. मला घ्यायचं असेल तर त्यांच्यासकट घ्यावं लागेल."

"मग राहू दे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला.

घरी आली तर दादाने तिचं तोंड बघूनच ओळखलं. "खांब ना? बाजारात सगळे बोलतात."

"तुझ्या गुडघ्याचं विसरू मी?"

"गुडघा माझा, आणि राग तू पोसतेयस," दादा म्हणाला. "टक्कर होती ती. पाय त्यानेही घातला, मीही घातला. माझा मोडला." रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पाऊस लागला, तो सकाळीच उघडला. ती मैदानावर आली आणि मटकन बसली. तिच्या रेघा वाहून गेल्या होत्या. एका गोलापुढे तर तळंच साचलं होतं. पंच दुपारी येणार होते. चेंडू पाण्यात अडला तर सामना रद्द. आणि सामना रद्द झाला तर चषक पिवळ्यांचा, कारण गुणांत तेच पुढे होते.

बाबा काठी टेकत आले. "संपलं, पोरी. ते आज घरात पाय पसरून बसले असतील. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा."

ती बादली घेऊन एकटीच उपसायला लागली. थोड्या वेळाने फाटक वाजलं. तिने वर बघितलं.

पिवळे आले होते. सगळे. कुणाकडे बादली, कुणाकडे स्पंज, कुणी घरातली चादर उचलून आणलेली. सगळ्यात पुढे त्यांचा कप्तान. तो सरळ तळ्यात शिरला, गुडघ्यांवर बसला आणि स्पंज पिळायला लागला.

खांब तिच्याजवळ आला. "कुठून सुरू करू?"

"अहो, पण... हे वाळलं तर तुमचा चषक जाईल!"

"जाईलही," तो म्हणाला. "कप्तान म्हणाला, पाण्याने दिलेला चषक कपाटात ठेवून रोज त्याच्याकडे बघायचं कसं? खेळून मिळाला तर आपला."

तिने लोखंडी दाताळं त्याच्या हातात दिलं. "उभं खुपसा. खोल. पाण्याला खाली वाट मिळेल. आणि एका रांगेत! बागडू नका माझ्या गवतावर."

"जशी आज्ञा!" सगळा संघ एकदम ओरडला. ती लाजून वळली.

हळूहळू हिरवेही आले. दादाही आला, पाय ओढत. एका भरलेल्या बादलीशी तो आणि कप्तान समोरासमोर आले. क्षणभर कुणी हललं नाही. मग दादा म्हणाला, "बघतोस काय? धर की तिकडून." दोघांनी मिळून बादली उचलली. तिने पाहिलं, तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं... आणि इतके दिवस छातीत घट्ट धरलेलं काहीतरी सैल पडलं.

दुपारी पंचांनी तळ्याच्या जागी चेंडू सोडून बघितला. तो अडखळला, रेंगाळला... आणि पुढे घरंगळत गेला.

सामना झाला. हिरवे जिंकले, दोन गोलांनी. पिवळे शेवटच्या शिट्टीपर्यंत धावत होते, हरणार हे दिसत असतानाही. मग चिखलाने माखलेले, मान ताठ ठेवून ते हिरव्यांशी हात मिळवून निघाले. हिरव्यांच्या बाजूला जल्लोष चालला होता. त्यात ती उभी राहिली, पिवळ्यांकडे तोंड केलं आणि टाळ्या वाजवायला लागली. बाबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिने हात थांबवले नाहीत. शेजारी दादाही वाजवायला लागला.

खांब सगळ्यांच्या मागे होता. ती कुंपण ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आज दया नको," तो हलकेच म्हणाला.

"दया कसली? मी हिरवीच आहे, मरेपर्यंत हिरवीच राहीन. आज तुम्ही हरलात, मला आनंदच झाला. पण..." ती एक पाऊल पुढे आली. "पण तुमच्यासारखा संघ मी बघितला नाही. आणि तुझ्यासारखा माणूसही. तुला घेईन मी. त्या सगळ्यांसकट."

तो काही बोलणार, तोच मागून काठीचा आवाज आला. बाबा.

बाबांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. तो शर्ट, तो चिखल, ते खाली गेलेले डोळे.

"दुसऱ्या गोलाला इतका पुढे का आलास?" बाबा गुरगुरले. "जागेवर राहिला असतास तर चेंडू अडला असता."

"नाही हो, तुमचा तो डावीकडून मोकळा होता, म्हणून मी..."

"कसला मोकळा! तुमचा माणूस होता मध्ये. चल, दाखवतो."

आणि दोघं वाद घालत गोलाकडे चालू लागले. तिने पळत जाऊन त्यांना गाठलं. त्याने बोलता बोलताच ओला हातमोजा काढून खिशात कोंबला, आणि बाबांची पाठ आहे असं बघून तिचा हात धरला.

"मला ठाऊक आहे मागे काय चाललंय ते," बाबा न वळता म्हणाले. "आधी गोलाचं बोला."