या, जेवायला या

हसू नका रे पोरांनो. उद्या पहिल्यांदा पाहुण्यांना घेऊन डोंगरात जाणार आहात, म्हणून सांगतोय. इन्था माझा सख्खा पुतण्या, तोही तुमच्यासारखाच वाटाड्या. खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना झाले नव्हते.

नोव्हेंबरची एकोणीस तारीख, मंगळवार. पुनवेला नदीत दिवे सोडून चारच दिवस झाले होते. बँकॉकच्या दोघी मैत्रिणी, केम आणि रुंगफा, पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन इन्थाकडे आल्या. तीन दिवस डोंगर तुडवायचे आणि वाटेत स्वयंपाक शिकायचा. शिकायचं होतं केमला. आपल्यातलीच पोरगी, पण सत्तावीस वर्षांची होईपर्यंत तिनं पाकिटातल्या शेवयांपलीकडे काही शिजवलं नव्हतं.

"इन्थादादा, हिच्या हातचं खाऊन मी मेले तर माझ्या आईला कळवा हं," रुंगफा म्हणायची.

"तू मेलीस तर तुझा वाटाही मीच खाईन," केमचं उत्तर तयार.

इन्थानं दगडी खलबत्ता पाठीवरून वाहून नेला होता. मिक्सरमधलं वाटण आमच्या या साहेबांना चालत नाही, काय करणार!

ओढ्याकाठच्या बांबूच्या झोपडीत मुक्काम पडला. केमनं मिरच्या, लसूण, गवती चहा कुटला. डोळ्यांना धारा लागल्या, तरी हटली नाही. नारळाच्या दुधात बांबूच्या कोंबांची आमटी केली आणि ती खरंच फक्कड झाली. इन्थानं बोट चाटून "जमलं की!" म्हटलं, तशी ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

सात वाजून चाळीस मिनिटं. चंद्र अजून उगवायचा होता. झोपडीतल्या बांबूच्या जमिनीवर तिघं बसली, मध्ये पातेलं. पहिला घास घेतला आणि वरच्या पाऊलवाटेवर पाला वाजला. कुणीतरी चाललं होतं.

आपल्यात काय करतात? जेवताना जवळून कुणी गेलं की म्हणायचं, या जेवायला. जाणारा म्हणतो, जेवा जेवा. येत कुणीच नाही. केम तेवढंच म्हणाली, मान वरही न करता.

"या, जेवायला या!"

पावलं थांबली.

"जेवा जेवा" काही आलं नाही... पावलं वाटेवरून खाली वळली. सावकाश. हातात बॅटरी नाही. त्या उतारावर अंधारात आपली माणसंसुद्धा बॅटरीशिवाय पाय टाकत नाहीत. इन्थानं हातातला घास खाली ठेवला.

"केम," तो पुटपुटला, "बोलावलंयस, आता वाढावं लागेल. मुकाट्यानं वाढ. काहीही ऐकू आलं तरी उत्तर देऊ नकोस. देशील तर मला तुला परत नेता यायचं नाही."

"पण... कोण आहे?"

चौथ्या बाजूला बांबू करकरले. जमीन खाली दबली. बसलं कुणीतरी.

दिसत कुणी नव्हतं.

केमनं केळीच्या पानावर भात ठेवला. आमटी वाढली. निम्मी पानाबाहेर सांडली. आमटीतून वाफ निघत होती...

थांबली. एकदम.

रुंगफानं मैत्रिणीचं मनगट गच्च धरलं होतं.

मग बाईचा आवाज आला. साधा. शेजारीण बोलावी तसा.

"छान झालंय ग. आता तू ये आमच्याकडे."

आणि केम... अरे, जन्माची सवय! कुणी बोलावलं की आपण काय म्हणतो?

"येईन हं, कधीतरी."

इन्थानं झडप घालून तिचं तोंड दाबलं. पण शब्द गेला होता.

"कधी?"

...

"कधी?"

"नाही येणार ती!" रुंगफा किंचाळली. "कुठ्ठे येणार नाही!"

मग बांबू हळूच वर आले. पावलं चढावर गेली. पाला वाजला... आणि थांबला.

रात्रभर तिघं शेकोटीला चिकटून बसली. उजाडताच डोंगर उतरली. भिक्खूंनी केमच्या मनगटाला मंतरलेला दोरा बांधला आणि पोरी बँकॉकला गेल्या. रुंगफानं स्वतःची खोली सोडली, केमच्या खोलीत राहायला आली. तिला दुकानापर्यंतही एकटं सोडत नव्हती. महिना गेला. काही झालं नाही. दोघी पुन्हा हसू लागल्या.

डिसेंबरच्या शेवटी रुंगफानं नव्या वर्षाचं कॅलेंडर आणलं. कोरं, प्लास्टिकमध्ये बंद केलेलं. केमच्या समोरच तिनं प्लास्टिक फाडलं आणि सुट्ट्या बघायला दोघी पानं उलटू लागल्या. एका पानावर थांबल्या.

त्या पानाचा फोटो रुंगफानं इन्थाला पाठवला. मी या डोळ्यांनी पाहिलाय. महिना कोणता, ते मला विचारू नका.

एका तारखेभोवती कोळशाचं वर्तुळ होतं. बोटानं काढलेलं.